तिरपं घर

फासे थांबले. एक सहा, एक पाच. अकरा.

"चोर मेला," दातांचा डॉक्टर म्हणाला आणि चष्मा काढून पुसत बसला. खेळ तोच चालवत होता, राक्षसाचे फासेही तोच टाकत होता, त्यामुळे मारलंही त्यानेच होतं.

रविवारी दवाखाना बंद असे. पेशंट वाट बघत बसतात त्या खोलीत, जुनी मासिकं बाजूला सारून, टेबलावर चौकटींचा मोठा कागद अंथरला होता. कागदावर राक्षस उभा होता, म्हणजे कुणा पेशंटच्या खालच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा. त्याच्यासमोर तीन सोंगट्या. चोराची सोंगटी विमा कंपनीत दावे तपासणाऱ्याची होती. ढालकरीण त्याच्या बायकोची. ती लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. मांत्रिक डॉक्टरच्या मेहुण्याचा, जो एरवी गाडी शिकवायचा. मांत्रिकाचं औषध मागच्याच गुहेत संपलं होतं.

या टेबलाचा एक नियम होता. ज्याचं पात्र मेलं त्याने उठायचं आणि मोहीम संपेपर्यंत टेबलाशी बसायचं नाही. दर रविवारी थोडी थोडी पुढे सरकणारी ही मोहीम संपायला अजून वर्ष तरी लागलं असतं. दावेवाला आणि त्याची बायको चार महिन्यांपासून वेगळे राहत होते आणि घटस्फोटाच्या कागदांवर बुधवारी सह्या व्हायच्या होत्या. रविवारचं हे टेबल सोडलं तर दोघं कुठेच समोरासमोर येत नव्हते. हे चौघांनाही ठाऊक होतं, आणि चौघंही त्यावर बोलायचं टाळत.

"थांबा," बायको म्हणाली. "मी आड येते."

ढालकरणीची ती खास शक्ती होती. शेजारच्या घरातल्या सोबत्यावर घाव पडला, तर दिवसातून एकदा तो तिला स्वतःच्या अंगावर घेता यायचा.

डॉक्टरने वाकून सोंगट्या पाहिल्या. "वहिनी, तुम्ही तिरप्या घरात आहात." तिला वहिनी म्हणणं अजून कोणी सोडलं नव्हतं.

"कोपऱ्याला कोपरा लागतोय की. शेजारीच झालं."

"नियमांच्या पुस्तकात याबद्दल काही नाही. पण आपल्या वहीत आहे."

पुस्तक जिथे गप्प बसे तिथे हे लोक आपापसांत भांडत आणि निवाडा वहीत लिहून ठेवत. डॉक्टरने पानं उलटली. चौदावा निवाडा: तिरपं घर शेजारचं धरायचं नाही. खाली चार सह्या. तीन वर्षांपूर्वी या एका ओळीसाठी दावेवाल्याने पाऊण तास वाद घातला होता, तोही बायकोशीच. सगळ्यांचा चहा गार झाल्यावर तो जिंकला होता.

"करावं तसं भरावं," मेहुणा म्हणाला.

"निवाडा बदलता येतो ना?" बायकोने विचारलं.

"चौघांचं एकमत लागतं."

तिने लगेच हात वर केला. मेहुण्याने केला. डॉक्टरनेही केला. मग तिघं दावेवाल्याकडे बघत राहिले.

तो टेबलापलीकडे बघत होता. समोरच्याचा कागद उलटा वाचायची त्याला नोकरीमुळे सवय लागली होती. स्वतःच्या कागदाआधी तो दुसऱ्याचा वाचून काढी. आपल्या पात्राचा हिशेब ठेवायला प्रत्येकापुढे एक कागद असे; बायकोच्या कागदावर ढालकरणीच्या नावाखाली पेन्सिलीने आठ लिहिलेलं होतं. तिच्यात आठ पॉइंटांचाच जीव उरला होता. घाव अकराचा होता.

"निवाडा बरोबर आहे," तो म्हणाला. "तिरपं ते तिरपं."

"अरे, तुझाच चोर मरतोय," मेहुणा म्हणाला. "एकदा चुकलो म्हण. आभाळ कोसळणार नाही."

"नाही म्हणायचा तो," बायको म्हणाली. "अकरा वर्षांत म्हणाला नाही." रक्त काढताना 'मूठ मिटा' म्हणावं, तशा आवाजात ती बोलली. पण तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

दावेवाल्याने आपली सोंगटी उचलून जबड्यामागे आडवी ठेवली, पेन्सिल खिशाला लावली आणि तो उठला.

"पुढची पाळी ढालकरणीची," डॉक्टर म्हणाला. "वहिनी, किती उरलेत तुमचे?"

"आठ."

डॉक्टरचा हात फाशांवरच राहिला. "म्हणजे घाव अंगावर घेतला असता तर तुम्हीच..."

"माझाच कागद आहे. मला कळत नव्हतं का?"

मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी बूट घालणाऱ्या दावेवाल्याकडे. बायकोने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे नजर टाकली. मग टेबलावर उघड्या पडलेल्या स्वतःच्या कागदाकडे. तिच्या हातून पेन्सिल खाली ठेवली गेली.

दावेवाल्याने एक बूट घातला. दुसरा हातात घेऊन तो जरा वेळ उभा राहिला. मग पहिलाही काढला आणि भिंतीकडेची पेशंटची एक खुर्ची उचलून आणली.

"मेल्यावर उठायचं असतं," मेहुणा म्हणाला, पण आता मवाळपणे.

"टेबलाशी बसायचं नाही, असा नियम आहे. खोलीत बसायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

डॉक्टरने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दावेवाल्याने खुर्ची बायकोपासून एक फरशी मागे आणि एक फरशी डावीकडे ठेवली आणि हाताची घडी घालून बसला. बायकोने फासे उचलले, हातात खुळखुळवले, पण टाकले नाहीत.

"तिरपा बसलायस," ती मागे न बघता म्हणाली.

त्याने खुर्ची एक फरशी पुढे घेतली.