सालासकट

“ह्या नकोत. ह्या मशीनच्या. सालासकट आण,” म्हाताऱ्यानं पुडा एका बोटानं असा ढकलला, जसा काही त्यात उंदीर मेला होता.

सून दारातच उभी. चप्पलसुद्धा काढली नव्हती. दिवसभर लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री मारून आलेली, तीही उभ्यानं, कारण तिथं बसायला साधं स्टूल नाही. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. तरी येताना वाकडी वाट करून तिनं भोपळ्याच्या सोललेल्या बियांचा पुडा आणला होता. म्हटलं, आज तरी सुटका होईल.

“आबा, बी तीच आहे. भोपळाही तोच.”

“तोच कसा? सोलून ठेवली की वारा लागतो, वारा लागला की सत्त्व उडतं. जस्त जातं, लोह जातं, अन् ते तिसरं काय ते... मॅग्नेशियम, ते तर सगळ्यात आधी पळतं! डॉक्टर काय म्हणाला? रोज मूठभर बिया. लघवीला बऱ्या, झोपेला बऱ्या, रक्ताला बऱ्या.”

डॉक्टर बिचारा एवढंच म्हणाला होता, खाऊन बघा, गुण आला तर आला. पण म्हाताऱ्यानं त्याचं पुराणच लावलं. दूधवाला येवो की मीटर बघणारा, बियांचे गुण ऐकल्याशिवाय त्याला जिना उतरता यायचा नाही.

म्हातारा जन्माचा न्हावी. दुकान बंद केलं तेव्हा तिथली एक खुर्ची तेवढी घरी आणली होती, पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली. तिच्यात तो स्वतः कधी बसायचा नाही. रोज संध्याकाळी बसायची सून. “पाय वर घे. परात मांडीवर सपाट राहते,” हे त्याचं ठरलेलं. मग ती एकेक बी नखात धरायची, कड दाबायची, साल उकलायची आणि आतला हिरवा मगज वाटीत टाकायची. नखांच्या कडा पार सोलवटल्या होत्या. एकदा ओट्याशी उभं राहून, एक डोळा दुधावर ठेवून सोलायला गेली, तर निम्मे दाणे मोडले आणि दूध उतू गेलं ते गेलंच. म्हातारा म्हणाला, “बघ! सांगत होतो.” तेवढ्यात नवऱ्यानं आतून विचारलं, “अगं, माझा टॉवेल कुठाय?” तर हा त्याच्यावर घसरला, “शोध की लेका! हिचं लक्ष उडालं अन् साल माझ्या पोटात गेलं, तर आतडं तू शिवणार का?” त्या दिवसापासून बिया सोलताना सुनेला कुणी हाक मारायची नाही, अशी घरभर ताकीद.

वाटी भरली की म्हातारा ती घेऊन आपल्या खोलीत जायचा. “झोपताना खायच्या असतात,” म्हणायचा. आणि एवढं करूनही रात्री उठायचं ते उठायचाच. त्याच्या सपाता वाजल्या की सुनेचीही झोप मोडायची.

आज तिचं बळच सरलं. ती रडली नाही, भांडली नाही. भांडायलासुद्धा अंगात काहीतरी उरावं लागतं. नवऱ्याला ती हळूच म्हणाली, “आबांना ताईंकडे ठेवा. माझ्याच्यानं आता होत नाही.”

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, आणा उद्या. तिचं घर चौथ्या मजल्यावर, दिवसभर कुलपात. तिथं भिंतीशीच बोलावं लागणार, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. खिडकीत वाळत घातलेल्या बिया उलथवत तो एवढंच म्हणाला, “बरं. पण खुर्ची इथंच राहू दे.”

सून त्याची बॅग भरायला लागली, तीही उभ्यानंच. दोन सदरे, मफलर, जुना वस्तरा. पलंगाखालून सपाता ओढताना हाताला पत्र्याचा डबा लागला. चांगलाच जड. झाकण उघडलं तर आत मगज. काठोकाठ. वरचा हिरवागार, काल सोललेला. खालचा पिवळा पडून खवट झालेला. तिच्या सगळ्या संध्याकाळी त्या डब्यात साचून होत्या.

डबा घेऊन ती बाहेर आली. “हे काय आबा? एकही खाल्ली नाहीत? माझी नखं गेली इथं!”

“नाही आवडत गं मला. गवत चावल्यासारखं लागतं.”

“मग सोलायला कशाला लावल्या?”

म्हातारा वाकला. पायमोजा खाली सरकवला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला. पोटरीभर काळ्यानिळ्या गाठी, आणि घोट्याशी भरून आलेल्या जखमेचा रुपयाएवढा डाग. एवढ्या वर्षांत तिनं ते पाय कधी उघडे बघितलेच नव्हते.

“जन्मभर गिऱ्हाईक खुर्चीत अन् मी खुर्चीमागं. तुझ्या पोटऱ्या बघितल्या न् ओळखल्या मी. बस म्हटलं तुला, किती वेळा म्हटलं. तू म्हणायचीस, बसते आबा, एवढं आवरून. तुझं आवरणं काही संपेना.” त्यानं तिच्या हातातून डबा घेतला आणि झाकण दाबून बसवलं. “बियांचं बरं असतं पोरी. त्या उभ्यानं सोलता येत नाहीत.”