गार पाणी बंद केल्यावर

कुंदाबाईंनी धारेखाली हात धरला आणि म्हटलं, "बेस शे पानी."

नवल मिस्तरी पान्हा पुसत बाजूला सरला. न्हाणीच्या भिंतीवर त्याने नुकताच तो नवा पितळी व्हॉल्व्ह बसवला होता. गच्चीवरच्या सोलरचं कढत पाणी आणि टाकीचं गार पाणी आतल्या आत मिसळून ठरवून दिलं तेवढंच कोमट पाणी बाहेर सोडायचं, हे त्याचं काम. दारात मयुरी लेकीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिचं बाळंतपण धुळ्याला माहेरी झालं होतं. कालच ती अमळनेरला सासरी आली होती. आज नातीची या घरातली पहिली आंघोळ होती.

ती कुंदाबाईच घालणार, हे न बोलता ठरलेलं होतं. आळीतली कितीतरी बाळं त्यांच्या पायांवर न्हाली होती. त्या बादलीत बोटं बुडवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "तांब्याभर गार घाल." त्यानंतर कोणी पाण्याला हात लावून बघत नसे. बाळाची आईसुद्धा नाही.

पण गेल्या पावसाळ्यापासून साखरेच्या आजाराने ती बोटं मुकी केली होती. पकड होती, ताकद होती, फक्त ऊन-गार कळत नव्हतं. कुंदाबाईंनी हे कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणी बाळ त्यांच्या पायावर दिलं नसतं. म्हणून त्यांनीच मुलाच्या, योगराजच्या मागे लागून हा व्हॉल्व्ह आणवला. आजीला नातीचा केवढा लळा, असं घरातले कौतुकाने म्हणाले. पाणी व्हॉल्व्हने ओळखलं की आपलं झाकलं राहील, एवढाच कुंदाबाईंचा हिशेब होता.

नळीत तुंबलेलं गार पाणी आधी वाहून गेलं. धारेखाली हात तसाच ठेवून कुंदाबाई मयुरीला सांगत होत्या, तेल कोणतं घ्यायचं, टाळू कशी भरायची. बोलता बोलता धारेतून वाफ निघू लागली.

"आई, हात काढा," मयुरी म्हणाली.

कुंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हात तिथेच होता.

मयुरीने एका हाताने बाळ सावरलं आणि दुसऱ्याने सासूचं मनगट मागे ओढलं. नवलने झटकन कॉक फिरवला. मयुरीने तो लाल झालेला हात बाहेर अंगणातल्या नळाखाली नेला आणि गार पाण्यात धरून ठेवला. कातडी शाबूत होती. नळाचं पाणी वाहत राहिलं.

"मना हातस्ले काही समजस नही, माय," शेवटी कुंदाबाई म्हणाल्या. मान वर न करता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

दोघी न्हाणीत परतल्या, तेव्हा नवलने धारेत थर्मामीटर धरला, भिंतीतल्या नळ्या चाचपल्या आणि कपाळाला हात लावला. "बांधकामातच उलट्या टाकल्यात, अक्का. गरम डावीकडून यायला पाहिजे, ते उजवीकडून येतंय. मी आधी हात लावून बघायला हवं होतं. चूक माझी आहे." त्याने व्हॉल्व्ह उतरवला, नळ्या बदलून घेतल्या, तोंडाच्या जाळ्यांतली वाळू धुतली आणि पुन्हा बसवला. धार सोडली. थर्मामीटरचा आकडा चढला, सदतिसावर आला आणि तिथेच थांबला. नवलने सेटिंग पक्कं केलं.

"आता गार पाणी बंद करतो," तो म्हणाला. "ही परीक्षा घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

मयुरी बाळाला घेऊन मागे सरकली. गार बंद केलं की नुसतं कढत पाणी येणार, हे कुंदाबाईंना जन्मभराचं ठाऊक होतं. नवलने कॉक फिरवला.

धार बारीक झाली. मग तुटली. मग टिपूसही नाही.

कुंदाबाई पुढे झाल्या. वर गच्चीवर कढत पाण्याने भरलेली आख्खी टाकी होती. तिचा सगळा भार या मुठीएवढ्या पितळेवर येऊन अडला होता. त्याला कोणी हात लावला नव्हता, कोणी थांब म्हटलं नव्हतं. नवल सांगत होता, आत मेणासारखं काहीतरी असतं, ते तापलं की फुगतं आणि वाट बंद करतं. कुंदाबाईंना त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. देवळात उभं राहावं तसे त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"मधून मधून असं गार बंद करून बघत जा," नवल मयुरीला म्हणाला. "आणि हा बसवला म्हणून पाणी न बघता अंगावर घालू नका." गार पाण्याचा कॉक पुन्हा उघडून, हत्यारं गोळा करून तो निघाला.

कुंदाबाईंनी बादली भरली आणि नळ बंद केला. पाट मांडला, शेजारी तेलाची वाटी ठेवली. मग पदर सावरून त्या दाराकडे वळल्या.

"आते तूच घाल, माय."

मयुरी बादलीपाशी आली. तिने बादलीत कोपर बुडवून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. मग खाली बघतच म्हणाली, "धुळ्याला रोज माझी आईच घालायची. पाणी मला कळतं, आई. पण हिला पायावर धरायला मला भीती वाटते. मी अजून एकदाही धरलेलं नाही."

कुंदाबाई पाटावर बसल्या आणि त्यांनी पाय पसरले.