दुसरे डॉक्टर चालणार नाहीत

"चिठ्ठी देणार असाल तर त्यांच्याच नावाने द्या," बाई म्हणाल्या. "दुसरे डॉक्टर चालणार नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्रामची पट्टी पुन्हा उजेडात धरली. पट्टी काही गोड बोलत नव्हती.

"त्यांच्याकडे नंबर लागायला महिना जातो. पलीकडच्या चौकात हृदयाचेच एक डॉक्टर बसतात. आज दुपारी बघतील. हुशार आहेत."

"असतील."

"मग?"

"मला हेच हवेत."

बाई पन्नाशीच्या, नीटनेटक्या. जिना चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं, डावा हात भरून येतो, हे त्यांनी शेजारणीचं दुखणं सांगावं तसं सांगितलं होतं. आवाज चढला तो फक्त या एका हट्टापुरता.

डॉक्टरीणबाईंना कुतूहल वाटलं. हट्टी पेशंट त्यांना नवे नव्हते. कुणाच्या चुलत दिराने नाव सुचवलेलं असतं, कुणाला मोठ्या नावाचाच गुण येतो. पण असे पेशंट त्या डॉक्टरचं कौतुक करता करता थकत नाहीत. या बाईंनी एकदाही केलं नव्हतं.

"ओळखीचे आहेत का?"

"होते एकेकाळी. आता चिठ्ठीशिवाय भेटतात कुठे!"

"मी नुसतं नाव ऐकून आहे. स्वभावाने कसे आहेत?"

"पेशंटचं सगळं ऐकून घेतात म्हणे. मध्ये तोडत नाहीत." बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. "लोक देव मानतात त्यांना."

चिठ्ठी लिहून झाली, पण डॉक्टरीणबाईंचा जीव राहीना. महिनाभर थांबण्यासारखी ही केस नव्हती. त्यांनी सरळ फोन लावला. तिकडच्या मदतनीसाने आधी टोलवाटोलवी केली, पण डॉक्टरीणबाई हटल्या नाहीत. शेवटी खुद्द मोठे डॉक्टर फोनवर आले. पट्टी हातात धरून वाचायची होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं मुकाट ऐकून घेतलं. खरोखरच मध्ये तोडलं नाही.

"आत्ता पाठवा," ते म्हणाले. "उद्यावर टाकू नका. त्रास कधीपासून आहे?"

"बरेच महिने झाले म्हणतात."

"आणि घरात कुणाला सांगितलं नाही?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. बाई इतक्या हळू बोलल्या, की त्यांना पुढे वाकूनच ऐकावं लागलं.

"नवऱ्याला सांगितलं होतं म्हणतात," त्यांनी फोनमध्ये सांगितलं. "एकदा सोडून तीनदा. ते म्हणाले, गॅस असेल, कुणा डॉक्टरला दाखवून ये."

पलीकडचा आवाज एकदम तापला. "काय माणूस आहे! बायकोचा हात भरून येतोय आणि याला गॅस सुचतो? डोळे फुटलेत का त्याचे? असल्या लोकांमुळे पेशंट हातचे जातात. एक करा, त्या गृहस्थाला सोबत आणायला सांगा. चार शब्द मीच सुनावतो त्याला."

मग बाईंनी फोन हलकेच स्वतःकडे ओढला.

"अहो, मी बोलतेय. सोबत कुणाला आणू? तुम्ही तर तिथेच आहात."