घोड्यावरचा मध्यस्थ

सहलीच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने बसमध्ये सगळ्यांना तिची ओळख करून दिली होती, "ही काही करत नाही, घरीच असते." तेव्हापासून अबोला. बोलणं व्हायचं ते गाईडमार्फत. "यांना सांगा, मफलर घाला." "हिला सांगा, घातलाय." देश बदलत गेले, बिचाऱ्याचं हे काम काही सुटलं नाही.

शेवटच्या शहरात गाईडने हात जोडले. "आज तुमचं तुम्ही फिरा. संध्याकाळी इथेच भेटू." आणि गेला.

मोठा चौक. मधोमध दगडी घोडेस्वार, त्याच्या पायाशी बाक. नवरा लंगडत होता, नवे बूट चावत होते. तिला ते दिसत होतं, पण आधी बोलेल तो हरेल. आणि असंच घरी परतलो, तर तिथे कुठून आणायचा गाईड? तिने घोडेस्वाराकडे मान वर केली.

"दादा, यांना सांगा, बसा आता. पायाची पार वाट लागलीय."

नवरा बसला. बुटांच्या नाड्या सोडता सोडता त्यानेही मान वर केली.

"साहेब, हिला सांगा, त्या दिवसापासून माझी बॅग मीच भरतोय. प्रत्येक हॉटेलात काहीतरी राहतं. काल तर चष्माच राहिला. ही काय काय करते, ते कळलं म्हणावं."

घोडेस्वाराने निरोप पोचवला असावा. तिने पर्स उघडली. कालचा चष्मा, परवाचा कंगवा, त्याच्याही आधीची कानटोपी, एकेक करून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"सरका जरा," ती थेट त्यालाच म्हणाली. "आणि चष्मा घाला. एवढ्या लांब आलोय ते बघायलाच ना?"