काकांचं तळघर

टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून सातवीतल्या समिधाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कुंभिवलीतल्या कारखान्याचा रोजचा भोंगा वाजला, तरी ती कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायची. मग आई तिला बाहेर काढून पाठीवरून हात फिरवायची. "नको भिऊ गं. त्या अणुबॉम्बचं बटण ज्याच्या हातात हाय, त्यालापण पोरंबाळं असतीलच ना? तो कशाला दाबंल?"

एवढ्या एका वाक्यावर समिधाला झोप लागायची.

पप्पा मात्र टीव्हीसमोर बसून मांडीवर थाप मारायचे. "टाका रं एकदाचा! निस्ती बडबड काय करताय?"

"पण पप्पा, आपल्यावर पडला तर?" आज तिनं धीर करून विचारलं. "आपण सगळे काकांच्या बंगल्यात जाऊ या ना. त्यांच्याकडं तळघर हाय."

पप्पांचं डोकंच सटकलं. काकांनी बांधावरचा फणस तोडला, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

"त्या हरामखोराच्या दारात? माझी पोरं डोळ्यांदेखत मेली तरी चालंल, पण त्याचा उंबरा चढणार नाय!"

समिधानं कानांवर हात दाबले. आईनं सवयीनं तिला जवळ ओढलं. "नको भिऊ गं. बटण दाबणाऱ्यालापण पोरंबाळं..."

 

समिधानं आईचा हात झटकला. पोरंबाळं तर पप्पांनापण होती.