नखाला लागलेला खड्डा

"ठेव ते खाली. तुझ्या हातात खेळणं दिसतंय," डेल्मर म्हणाला.

"खेळणंच हवंय. डबे पाडायला तोफ लागत नाही," होलिस वर न बघताच म्हणाला.

काउंटरमागे जेर्लीननं कपाळाला हात लावला. बंदुकांचं हे दुकान तिचं, आणि डेल्मर तिच्या बहिणीचा नवरा. तो खिडकीजवळच्या खुर्चीत ठाण मांडून बसला होता. डाव्या हातात कॉफीचा कप, उजवा हात जॅकेटच्या खिशात. ऑगस्टच्या उकाड्यात जॅकेट! दारातून कुणी आत आलं की टोपीला हात लावायचा, ही या डोंगरातली रीत. वैऱ्यालाही लावतात. डेल्मरनं खिशातला हात काढलासुद्धा नव्हता. माज, दुसरं काय, होलिसला वाटलं.

अग्निशमन दलाच्या जत्रेला तीन आठवडे उरले होते. तिथं दरवर्षी घेवड्याचे पाच रिकामे डबे ओंडक्यावर मांडतात आणि बावीसच्या, म्हणजे बारीक गोळीच्या, रिव्हॉल्व्हरनं पाडतात. बक्षीस म्हणजे एक भाजलेलं डुकराचं तंगडं. पण तंगडं कुणाला हवंय! अकरा वेळा ते डेल्मर घेऊन गेला होता. होलिस सत्तरीला टेकला होता. त्याचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर गेल्या साली पुरात घरासकट गेलं. मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याला डेल्मरला सगळ्या गावासमोर हरवायचं होतं.

जेर्लीननं दुसरं रिव्हॉल्व्हर पुढं केलं. त्याची नळी आखूड होती.

"घे घे," डेल्मर म्हणाला. "डब्याच्या जागी पाद्रीबाबा पडतील."

तिसऱ्यात नऊ गोळ्या बसत होत्या.

"नऊ? सहात भागत नाही होय तुझं?"

चौथं हलकं होतं, ॲल्युमिनियमचं. होलिसनं ते तळहातावर तोललं.

"ते हातात नाचेल," डेल्मर म्हणाला.

"नाचणारे हात तुझे असतील!"

डेल्मरनं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यानं कप खिडकीत ठेवला. होलिसला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या थोबाडाला टोला बसला होता.

आता सव्वीस वर्षांचं वैर कशावरून, तर एका "टक" आवाजावरून. जुन्या बनावटीच्या बावीसच्या रिव्हॉल्व्हरचा चाप रिकामा ओढायचा नसतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आत गोळी नसली की घोड्याचा खिळा थेट चक्रीतल्या, गोळी बसते त्या घराच्या काठावर आपटतो. तिथं खड्डा पडतो आणि मग त्या घरात गोळी अडकते. त्या साली जत्रेत डेल्मरनं नवंकोरं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि तो मक्याचा पाव आणायला गेला. परत येऊन बघतो तर काठावर खड्डा. टेबलापाशी होता एकटा होलिस. पुढच्या रविवारी होलिसनं भर चर्चमध्ये बायबलवर हात ठेवून सांगितलं, मी शिवलोसुद्धा नाही. अर्धं गाव त्याच्या बाजूचं झालं, अर्धं डेल्मरच्या. दोघे तेव्हापासून एकमेकांना पाण्यात बघत होते. डेल्मरनं ते रिव्हॉल्व्हर काही टाकलं नाही. तो पाचच गोळ्या भरायचा. बाकीच्यांना चुकायला एक गोळी जादा असे, डेल्मरला नसे. तरी अकरा वेळा तोच जिंकला.

"वापरलेलं काही आहे का?" होलिसनं विचारलं.

जेर्लीन घुटमळली. मग तिनं खालच्या फळीवरून एक काढलं. लांब नळीचं, अक्रोडाच्या मुठीचं. मूठ हातात अशी बसली की होलिसच्या तोंडून "वा!" निघून गेलं. तो खुर्चीकडून टोमण्याची वाट बघत राहिला. टोमणा आलाच नाही.

त्यानं चक्री बाहेर काढली, उजेडाकडे धरली. जुनं रिव्हॉल्व्हर घेताना करतात तसं करंगळीचं नख एकेका घराच्या काठावरून फिरवलं. पहिलं गुळगुळीत. दुसरं, तिसरं, चौथं गुळगुळीत. पाचव्याला नख अडकलं.

त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

"कुणाचं आहे हे?" त्यानं हळूच विचारलं.

"कुणाचं का असेना!" जेर्लीन फाडकन म्हणाली. "घ्यायचंय, की चौकशा करायच्यात?"

होलिसनं खुर्चीकडे बघितलं. डेल्मर खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या जॅकेटच्या खिशाचं कापड थरथरत होतं. डेल्मरनं वरून डावा हात दाबून धरला, तरी ते थांबेना.

यंदा ओंडक्यासमोर डेल्मर नसणार होता. म्हणजे न खेळताच जिंकलो की आपण, होलिसच्या मनात आलं. आनंद व्हायला हवा होता. झाला मात्र नाही. या माणसाला हरवायला तो सव्वीस वर्षं जगला होता.

"हेच दे," तो म्हणाला.

जेर्लीन खोकं शोधायला लागली. तेवढ्यात डेल्मर खुर्चीतून खेकसला.

"थांब, जेर्लीन! सांग त्याला. त्यात खोट आहे. एका घरात गोळी अडकते. तो नालायक असला तरी त्याला फसवून विकायचं नाही."

"माहीत आहे मला," होलिस म्हणाला. त्याचं नख अजून त्या काठावरच होतं. "चाप मीच ओढला होता, डेल्मर."