पाच ते आठची हजेरी

सुनेच्या बाळंतपणाच्या बिलावर सही करायला गुरुदासांनी साफ नकार दिला.

"अहो, पैसे विमा कंपनी देणार. तुमचं काय जातं?" डॉक्टर म्हणाले.

"खोट्यार सही करूचंय नाय! पाच ते आठ तुम्ही हंय हजर होतास म्हणान लिवलास. बाळंतपण नर्सबायन केल्यान. तुम्ही धामापूरच्या देवळात, माझ्याच बाजूक बसान, आख्यान संपासर टाळये वाजवीत होतास!"

डॉक्टरांची मान खाली गेली. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या रुक्मिणीबाईंची मात्र वर झाली.

"म्हंजे तुम्ही कीर्तनात होतास? आणि माका सांगलास, भायर बाकड्यार बसलेलंय म्हणान!"

गुरुदासांनी पेन उचललं.

"डॉक्टर हंयच होते गो. बाकड्यार बसान मी माझ्या डोळ्यांनी बघलंय."